गेटच्या आतले बारा आठवडे

लॉगबुकचा पहिला आठवडा सगळ्यांचा सारखाच असतो. सेफ्टी इंडक्शन, कंपनीची ओळख, कामाची जागा नीटनेटकी ठेवण्याची फाइव्ह एस पद्धत, आग लागली तर कुठे जमायचे, कँटीनच्या वेळा. पॉलिटेक्निकच्या मुलांनी कंपनीत रोज काय केले ते या वहीत लिहायचे, आठवडा संपला की तिथल्या साहेबांची सही घ्यायची आणि शेवटी आम्ही शिक्षकांनी ती तपासायची, अशी पद्धत आहे. दुसऱ्या आठवड्यापासून वह्या वेगळ्या होऊ लागतात. काहींत पेन्सिलने काढलेली फिक्श्चरची आकृती असते, शेजारी मापे, एखाद्या मापापुढे प्रश्नचिन्ह. काहींत सोमवार ते शनिवार एकच वाक्य असते: ‘लाइनवर निरीक्षण केले.’ तारीख बदलते, वाक्य बदलत नाही. पुढच्या पानांवर तर अक्षरही बदलत नाही, कारण सगळी पाने एका बैठकीत भरलेली असतात.

मी पुणे जिल्ह्यातल्या एका तंत्रनिकेतनात मेकॅनिकल शाखेला शिकवते. मुलांच्या भेटीसाठी चाकण, भोसरी, रांजणगावच्या कंपन्यांत जाणे हा माझ्या कामाचाच भाग आहे. इतकी वर्षे वह्या वाचून आणि शॉप फ्लोअरवर मुलांशी बोलून माझ्या मनात एक प्रश्न घट्ट होत गेला. या मुलाला इथे शिकवणारा माणूस कोण, आणि शिकवायला त्या माणसाला वेळ कोणी दिला आहे?

हा प्रश्न आता फक्त डिप्लोमाच्या मुलांचा राहिलेला नाही. महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाच्या आधीच्या अभ्यासक्रमात चौथ्या सत्रानंतर सहा आठवड्यांचे औद्योगिक प्रशिक्षण होते. ‘के स्कीम’मध्ये त्याची बारा आठवड्यांची इंटर्नशिप झाली. नव्या शैक्षणिक धोरणाने पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या पहिल्याच वर्षी ‘ऑन जॉब ट्रेनिंग’ला चार श्रेयांक दिले, त्यामुळे अर्थशास्त्र किंवा मराठी घेऊन एम.ए. करणारी मुलेही आता कुठल्या ना कुठल्या आस्थापनेच्या दारात प्रमाणपत्रासाठी उभी आहेत. तास ठरले, श्रेयांक ठरले, अर्जाचे नमुने ठरले. शिकवणाऱ्याच्या नावाची ओळही त्या नमुन्यात असते. ती भरली जाते आणि बहुतेक वेळा तिथेच संपते.

गेल्या उन्हाळ्यातल्या एका विद्यार्थ्याची गोष्ट सांगते. मुलगा करमाळा तालुक्यातला, घरी कोरडवाहू शेती, दहावीनंतर थेट डिप्लोमाला आलेला. त्याला चाकणच्या पट्ट्यातली वाहनांचे सुटे भाग बनवणारी एक कंपनी मिळाली. मिळाली हेच मोठे होते. दुसऱ्या वर्षाच्या अनेक मुलांना अठरा पूर्ण झालेली नसतात आणि वयाचा दाखला पाहून काही कंपन्या गेटवरूनच परत पाठवतात. याला पूर्ण होऊन महिना झाला होता.

राहायला त्याने आयटीआय झालेल्या मुलांच्या खोलीत कॉट घेतली. चाकणमध्ये अशा खोल्यांत एका कॉटवर दोघे असतात. एक फर्स्ट शिफ्टला गेला की थर्ड शिफ्टवरून आलेला दुसरा त्याच गादीवर आडवा होतो. कंपनीची बस इंटर्नसाठी नव्हती. कांद्याचा बाजार भरतो त्या दिवशी तळेगाव चौकातून बाहेर पडायलाच तास जातो म्हणून तो साडेपाचला निघून शेअर रिक्षा आणि पुढे चालत असा सातच्या आधी गेटवर पोहोचायचा. गेट पास, मोबाइलच्या कॅमेऱ्यावर स्टिकर, सेफ्टी शूज स्वतःचे.

त्याला बसवले तपासणीच्या टेबलावर. ॲल्युमिनियमचे हाउसिंग मशीनवर बोअर होऊन येत होते. त्यात प्लग गेज घालायचा. ‘गो’ बाजू सहज आत गेली पाहिजे, ‘नो गो’ बाजू अडली पाहिजे. अडले-गेले बघून जॉब, म्हणजे तो भाग, हिरव्या क्रेटमध्ये किंवा लाल क्रेटमध्ये. हे काम दहा मिनिटांत शिकून होते आणि त्याने ते पहिले तीन आठवडे केले. मी भेटायला गेले तेव्हा त्याच्या मनगटावर क्रेप बँडेज होते. तक्रार त्याने केली नाही. काय शिकलास, असे विचारल्यावर मात्र तो बराच वेळ गेजकडे बघत राहिला.

चौथ्या आठवड्यात त्याने ‘ओके’ केलेले काही जॉब पुढच्या स्टेशनवरून परत आले. बोअर लहान आहे, बेअरिंग बसत नाही. सुपरवायझर ओरडला, ट्रेनीला नीट बघता येत नाही असा निष्कर्ष निघाला आणि लाइन पुढे चालू झाली. परत आलेले जॉब त्याने पुन्हा तपासले. आता ‘गो’ बाजू खरेच अडत होती. तोच जॉब, तोच गेज, सकाळी गेला आणि दुपारी जाईना. मुलगा घाबरला. आपण झोपेत होतो की काय, असे त्याला वाटले.

शेजारच्या मशीनवरचा ऑपरेटर हे बघत होता. पन्नाशीचा, कंत्राटदाराकडचा, याच पट्ट्यात तीन कंपन्या फिरून आलेला माणूस. त्याने जेवणाच्या सुट्टीत मुलाला मशीनमधून नुकताच निघालेला जॉब हातात दिला आणि फक्त धरायला सांगितला. जॉब गरम होता. मग त्याने दोन जॉब घेतले, एक गरम आणि एक रॅकवर तासभर पडून निवलेला, आणि दोन्हींत गेज घालून दाखवला. गरम जॉब मोजायचा नसतो, एवढेच तो म्हणाला.

मुलगा खोलीवर गेला आणि त्याने पहिल्या वर्षाची वही आठवून गणित मांडले. ॲल्युमिनियम एका मीटरला एका अंशामागे साधारण २३ मायक्रॉन वाढते. बोअर ५० मिलिमीटरचा. जॉब वीस अंशांनी जास्त गरम असेल तर व्यास सुमारे २३ मायक्रॉनने मोठा दिसणार. ड्रॉइंगवर फिट होता एच-सात, म्हणजे ५० मिलिमीटरला एकूण सूट २५ मायक्रॉनची. जवळजवळ सगळी सूट नुसत्या उष्णतेने खाल्ली होती. मोजमापाचे प्रमाण तापमान २० अंश सेल्सिअस असते हे त्याने परीक्षेत लिहिले होते, त्याला गुणही मिळाले होते. ते २० अंश कशासाठी, हे त्याला चाकणच्या मे महिन्यात कळले.

त्या दिवसापासून त्याची वही बदलली. ऑपरेटरने त्याला हळूहळू मशीनजवळ येऊ दिले. इन्सर्टची धार झिजत गेली की बोअर लहान होत जातो, म्हणून ठरावीक नगांनंतर ऑफसेट काही मायक्रॉनने वाढवायचा. चिपचा रंग आणि वळण बघायचे. सकाळी मशीन गार असते, पहिले काही नग वेगळे निघतात, त्यांच्यावरून सेटिंग करायचे नाही. कटिंगचा आवाज खरखरीत झाला की गेजची वाट बघायची नाही. हे सगळे वहीत आकृत्यांसह आहे. शेवटच्या आठवड्यांत त्याने दर तासाच्या पहिल्या पाच निवलेल्या जॉबची मापे घेऊन आलेख काढला आणि झीज कुठे सुरू होते ते दाखवले. तंत्रनिकेतनातल्या व्हायवाला बाहेरून आलेले परीक्षक त्या आलेखावर पाऊण तास बोलत बसले.

आता या गोष्टीतली मला बोचणारी बाजू सांगते. त्या मुलाच्या फॉर्मवर ‘औद्योगिक मार्गदर्शक’ म्हणून क्वालिटी विभागातल्या एका अधिकाऱ्याचे नाव होते. त्यांनी मुलाला दोनदा पाहिले, एकदा पहिल्या दिवशी आणि एकदा शेवटच्या आठवड्यात, बारा सह्या एकदम करताना. त्यांना दोष देऊन उपयोग नाही. त्यांच्याकडे तसे नऊ इंटर्न होते आणि ग्राहकाचे ऑडिट तोंडावर आले होते. खरे शिकवले त्या कंत्राटी ऑपरेटरने, आणि तेही स्वतःच्या जेवणाच्या सुट्टीत, कारण शिफ्टमध्ये त्याच्या मशीनवर तासाचे टार्गेट लावलेले असते. मुलाला समजावण्यात दहा मिनिटे गेली तर तेवढे नग कमी पडतात आणि शिफ्टच्या शेवटी बोर्डावर त्याच्या नावापुढे लाल आकडा येतो. त्याचे नाव फॉर्मवर कुठेही नाही. प्रमाणपत्राच्या वाटपाला त्याला बोलावले नाही. मी गुणपत्रकाच्या शेऱ्यात त्याचा उल्लेख करायला गेले, तर शेऱ्याला तेवढी जागाच नव्हती.

आपल्याकडे उमेदवारीचा कायदा जुना आहे. पहिला १८५० सालचा, अनाथ आणि गरीब मुलांना एखाद्या कारागिराकडे धंदा शिकायला ठेवण्यासाठी. आजचा शिकाऊ उमेदवार अधिनियम १९६१ सालचा. तो सुरुवातीला ट्रेड शिकणाऱ्या उमेदवारांपुरता होता, १९७३ साली त्यात पदवी आणि पदविकाधारक आले. हा कायदा मी मुलांना वर्गात वाचून दाखवते, कारण त्यात बरेच शहाणपण आहे. उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नाही, असे कलम १८ म्हणते. कलम १३ म्हणते की त्याला नगावर पैसे देता येणार नाहीत आणि उत्पादनाच्या बोनस योजनेत ओढता येणार नाही. ज्याने कोणी हे लिहिले त्याला माहीत होते की नगाचा हिशेब लागला की शिकणे थांबते. कलम ११ तर माझ्या प्रश्नाचे उत्तरच आहे: मालक स्वतः त्या धंद्यात पात्र नसेल तर पात्र माणसाला प्रशिक्षणाचा प्रमुख नेमणे आणि शिकवायला पुरेसे पात्र कर्मचारी देणे ही मालकाची जबाबदारी आहे.

कागदावर जबाबदारी आहे. शॉप फ्लोअरवर ती कोणाच्या तासांत बसते, हे कोणी विचारत नाही. २०१४ च्या दुरुस्तीत कायदा सैल झाला. कामाचे तास ठरवणे मालकावर सोपवले गेले आणि उल्लंघनासाठीची कैद जाऊन दंड उरला. ओव्हरटाइमला अजूनही शिकाऊ उमेदवारी सल्लागाराची परवानगी लागते, पण चाकणमध्ये थांबून जादा नग काढलेल्या मुलांना विचारले तर अशी काही परवानगी असते हेच त्यांना ठाऊक नसते. तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेने अडीच ते पंधरा टक्के उमेदवार घ्यायचेच, हा नियम मात्र सगळ्या एचआरवाल्यांना पाठ आहे, कारण तो मोजता येतो.

आणि आमची बारा आठवड्यांची मुले तर या कायद्याच्याही बाहेर आहेत. ती उमेदवार नाहीत, कामगार नाहीत. त्यांचा कंपनीशी करार म्हणजे आमच्या प्राचार्यांचे पत्र आणि पालकांचे हमीपत्र. बोटाला लागले तर कोणी बघायचे, याचे उत्तर त्या हमीपत्रात असते: पालकांनी. काही महाविद्यालये आता अपघात विमा काढतात. सगळ्यांनी काढलाच पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

जर्मनीतल्या उमेदवारीचे कौतुक आपल्याकडे प्रत्येक परिसंवादात होते. मुले आठवड्यातले तीन-चार दिवस कारखान्यात आणि उरलेले शाळेत असतात, एवढेच त्यातून ऐकू येते. १९६९ च्या तिथल्या कायद्याचा दुसरा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. कारखान्यात शिकवणाऱ्याला धंदा येतो हे तर दाखवावे लागतेच, शिवाय शिकवता येते हेही सिद्ध करावे लागते. त्यासाठी वेगळी परीक्षा आहे. २००३ साली उमेदवारीच्या जागा वाढाव्यात म्हणून जर्मनीने ही परीक्षेची अट बाजूला ठेवली आणि २००९ साली ती पुन्हा लागू केली. जागा वाढवायच्या आणि शिकवणाऱ्याचा विचार सोडायचा, हा मार्ग त्यांनी सहा वर्षे चालून पाहिला. आपण आता त्याच मार्गावर फार वेगाने निघालो आहोत.

आपल्याकडेही चांगले नमुने आहेत. पिलानीच्या बिर्ला संस्थेने १९७३ मध्ये ‘प्रॅक्टिस स्कूल’ सुरू केले, त्यात संस्थेचा अध्यापक स्वतः कंपनीत मुलांबरोबर असतो. टेल्को या वाहन कंपनीने पिंपरीत पाय रोवले तेव्हा तिची धुरा सांभाळणाऱ्या सुमंत मूळगावकरांनी प्रशिक्षण विभागाला सुरुवातीपासून मान दिला, आणि तिथून उमेदवारी करून बाहेर पडलेल्यांनी भोसरीत शेकड्याने वर्कशॉप उभी केली. सनदी लेखापालांच्या आर्टिकलशिपकडे बघा. २०२३ पासून ती तीन वर्षांची दोन वर्षे झाली, पण एक गोष्ट टिकली आहे. प्रत्येक उमेदवार एका ठरावीक सदस्याच्या नावावर नोंदलेला असतो आणि एका सदस्याकडे किती उमेदवार असावेत यालाही मर्यादा आहे. तिथेही मुले बँकेत चेक टाकायला पाठवली जातात, हे मला माहीत आहे. तरी उत्तर देणारा एक माणूस असतो.

पैशाचा विषय थोडक्यात, कारण त्यावर बरेच लिहून आले आहे. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात पंतप्रधान इंटर्नशिप योजना आली: पाच वर्षांत एक कोटी तरुणांना देशातल्या पहिल्या पाचशे कंपन्यांत वर्षभराचा अनुभव, महिना पाच हजार रुपये आणि एकदाच सहा हजार. पहिल्या फेरीत सव्वा लाखाहून जास्त जागा जाहीर झाल्या, ८२ हजारांवर देकार गेले आणि प्रत्यक्ष रुजू झालेले नऊ हजारांच्या आत होते. आकडा वाचून अनेकांनी तरुणांनाच बोल लावला. पाच हजारांत परगावी कॉट, मेस आणि रिक्षा भागवून दाखवा आणि मग बोला, असे मला त्यांना सांगावेसे वाटते. त्याच वर्षी आपल्या राज्याने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली, बारावीला सहा हजार, आयटीआय-पदविकेला आठ, पदवीला दहा. सहा महिन्यांची मुदत पुढे अकरा महिने झाली. ती संपत आली तशी मुले कायम करा म्हणून रस्त्यावर उतरली. अकरा महिन्यांत आपल्याला काय यायला लागले हे त्यांना सांगता आले असते, तर त्यांची मागणी वेगळी असती, असे मला वाटते. त्यांच्यापैकी ज्यांच्याशी बोलले ते सरकारी कार्यालयांत आवक-जावक नोंदवत होते.

हिंजवडीची तऱ्हा वेगळी. तिथे टेबल स्वच्छ, एसी, कॉफीचे मशीन. आमच्याच संस्थेची कॉम्प्युटर शाखेची एक विद्यार्थिनी एका मोठ्या आयटी कंपनीत होती. लॅपटॉप मिळायला आठवडा, सर्व्हरचा ॲक्सेस मिळायला आणखी बरेच दिवस, कारण ग्राहकाचा डेटा आणि सुरक्षेचे नियम. तोवर तिने कंपनीच्या पोर्टलवरचे व्हिडिओ बघितले. टीम अर्धी घरून काम करणारी, मीटिंगला कॅमेरे बंद. चाकणच्या मुलाला निदान शेजारी मशीनवरचा माणूस दिसत होता. हिला शिकवू शकणारी माणसे पडद्यावर आद्याक्षरांच्या गोलांत होती. एका सीनिअर ताईने पुढाकार घेऊन तिला टेस्ट केस लिहायला दिल्या आणि प्रत्येक चुकीवर कारण लिहून परत पाठवल्या, तेव्हा गाडी सुरू झाली. त्या ताईही हे रात्री साडेनऊनंतर करत होत्या, घरातले आवरून.

दोन्हीकडे मला दिसते ते हेच. शिकवणे होते आहे, पण ते कोणाच्या तरी भाकरीच्या सुट्टीतून, कोणाच्या तरी झोपेतून कापून होते आहे. ज्याला आवड आहे तो देतो. ज्या मुलाला असा माणूस भेटत नाही त्याची वही ‘निरीक्षण केले’वर थांबते, आणि त्याला वाटते कमी आपल्यातच आहे.

कंपन्यांची बाजूही ऐकली पाहिजे. भोसरीतल्या एका उद्योजकाने मला शांतपणे समजावले: व्हीएमसी मशीनवर पोराने चुकीचा ऑफसेट टाकला आणि टूल जॉबवर आपटला तर स्पिंडलचा खर्च लाखांत जातो, मशीन बंद राहते ते वेगळे, आणि ग्राहक एका दिवसाचा उशीर सोडत नाही. मोठ्या कंपन्या त्याला दर वर्षी दर कमी करायला लावतात. त्या दरात शिकवण्याचा वेळ धरलेला नसतो. हे म्हणणे खरे आहे. म्हणूनच शिकवण्याचा तास हा कोणाच्या चांगुलपणावर न सोडता हिशेबात धरला पाहिजे. सरकार विद्यार्थ्याच्या खात्यात पैसे टाकते तसे शिकवणाऱ्या ऑपरेटरच्या आठवड्यातल्या दोन तासांचे पैसे द्यावेत. त्या दोन तासांत त्याच्या मशीनचे टार्गेट शून्य असावे. प्रमाणपत्रावर त्याचे नाव यावे, तो कायम असो की कंत्राटी. मोठी कंपनी पुरवठादाराचे ऑडिट करताना क्रेटचा रंग तपासते तसे तिने हेही तपासावे.

आमच्या विभागाने आमच्या हातात होते तेवढे केले. यंदा कंपन्यांना पाठवायच्या पत्रात तीन ओळी वाढवल्या: मशीनवर प्रत्यक्ष शिकवणाऱ्याचे नाव, आठवड्यातला वार आणि वेळ, आणि बारा आठवड्यांत मुलाला स्वतःच्या हाताने करता आल्या पाहिजेत अशा चार गोष्टी. काही कंपन्यांनी पत्र तसेच परत केले. एकीने तीनही ओळींपुढे एचआर विभाग असे लिहिले. दोन कंपन्यांनी फोन करून सांगितले की एवढ्या अटी असतील तर मुले नकोत. प्राचार्यांना काळजी वाटली आणि ती रास्त होती, कारण जागा मिळाली नाही तर मुलाचे सत्र अडते.

भोसरीच्या त्याच उद्योजकाने मात्र स्वतःचेच नाव लिहिले, शनिवार दुपारी दोन ते चार. त्याच्या ऑफिसात लोखंडी कपाट आहे. वीस वर्षांतले रिजेक्ट झालेले जॉब त्यात ठेवले आहेत, प्रत्येकाला तारीख आणि कारणाची चिठ्ठी बांधून. नव्या मुलाला तो चिठ्ठी काढून एक जॉब देतो, सोबत ड्रॉइंग, व्हर्नियर आणि बोअर गेज, आणि चूक शोधून आण म्हणतो. सापडेपर्यंत मशीनवर जाऊ देत नाही. करमाळ्याच्या मुलाला मी मुद्दाम तिथे घेऊन गेले. त्याने पहिला जॉब हातात घेतला आणि मोजण्याआधी किती वेळ एसीत पडून आहे ते विचारले. उद्योजक हसले आणि त्यांनी खुर्ची पुढे सरकवली.

पुढच्या मे महिन्यात ते आमची दोन मुले घेणार आहेत. दोनच घेतो, त्याहून जास्तीला मला शिकवता येत नाही, असे त्यांनी पत्रात लिहिले आहे. आमच्या वर्गात साठ मुले आहेत.